जपलेलं घर

मंडळी, जरा पुढे सरकून बसा. घर जपणाऱ्यांची गोष्ट सांगतो. एकोणीसशे अठ्ठावन्न साली फ्रँकफर्टला शिकणारा श्रीरंग घरमालकीणबाईंसोबत व्याख्यान ऐकून परतला. अमेरिकेतल्या एका थोर पुढाऱ्याचं पडायला आलेलं घर एका ज्यू कुटुंबानं पदरमोड करून पिढ्यानपिढ्या कसं राखलं, हा विषय होता.

कॉफी ओतत बाई म्हणाल्या, "त्यात काय एवढं? आम्हीपण ज्यूंचं घर जपलंच की. हेच. हिटलरच्या काळात त्यांना छावणीत नेलं, त्याच आठवड्यात आम्ही राहायला आलो. त्यांचा एक कप फुटू दिला नाही मी."

 तोंडातला घोट मोरीत थुंकून श्रीरंगनं विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

"आता कुणाच्या लक्षात राहतंय? केक घ्या ना."

दुसरी खोली मिळेपर्यंत स्टेशनावर झोपेन म्हणत त्यानं ट्रंक भरली.

देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या घरच्यांनाही आठवा, बाबांनो. नाव त्या देवाला ठाऊक आहे.