वसिष्ठाचा जोडतारा

दुर्बीण पुन्हा भलतीकडेच वळली आणि कुमुदिनीबाईंनी हातातला रिमोट लेकीच्या मांडीवर टाकला. "घेऊन जा परत, शाल्मली. यंत्रच तारे शोधणार असेल, तर मी गच्चीवर कशाला बसू?"

कंपवात सुरू झाल्यापासून बाईंचा हात दुर्बिणीला लागला की तारा थरथरत निसटून जाई. तीस वर्षं शाळेतल्या मुलांना आकाश दाखवलं, पण गेल्या दोन वर्षांत त्यांना स्वतःला एक तारा धड बघता आला नव्हता. म्हणून शाल्मलीने ही संगणकावर चालणारी दुर्बीण आणली होती. दिशा कळायला त्या दुर्बिणीला आधी दोन ओळखीचे तारे दाखवून द्यावे लागत, आणि तेवढ्यातही बाईंचं बोट चुकीचं बटण दाबत होतं.

"बटणं मी दाबते," शाल्मली म्हणाली. रिमोटवर 'स्वाती' असं नाव आलं होतं. तिने वर पाहिलं आणि ती गोंधळली. "आई, यातली स्वाती कुठली?"

"अगं, ती नारिंगी! आणि खाली पांढरी दिसते ना, ती चित्रा." बाई उठून उभ्याच राहिल्या. "डावीकडे घे. अजून थोडं. बास!"

चित्राही तशीच दाखवून झाली, मग त्यांनी सप्तर्षींतला वसिष्ठ मागितला. मोटर घरघरत वळली. बाईंनी हात पाठीमागे बांधून दुर्बिणीला डोळा लावला. नुसत्या डोळ्यांना एकच दिसणाऱ्या वसिष्ठाच्या जागी एकमेकांना खेटलेले दोन तारे स्वच्छ दिसत होते आणि दुर्बीण आपोआप त्यांच्यामागे सरकत होती.

"आई, मला बघू दे ना."

"थांब गं," बाई म्हणाल्या. "आत्ता कुठे दिसायला लागलंय."