डावीकडचा दिवा

“लाल उजवीकडं, रिव्हर्सचा पांढरा डावीकडं. शोरूममधून आली होती तशी करून दे,” आप्पासाहेब आवाज खाली आणून म्हणाले आणि त्यांनी गाडीच्या पुढच्या सीटकडे चोरून पाहिलं. आशाबाई तिथं शाल पांघरून बसल्या होत्या. सकाळचा गारठा अजून गेला नव्हता, तरी काच खालीच होती.

धम्मपाल वायरिंगवाला मागच्या बंपरपाशी उकिडवा बसला होता. त्याला काही उमजेना. दोन वर्षांपूर्वी, आशाबाईंच्या देखत, त्यानंच हे दिवे उलटे केले होते. धुक्यात मागच्या गाडीला दिसावा म्हणून हा जो लाल दिवा असतो, तो रस्त्याच्या मधल्या अंगाला लागतो. आपल्याकडे उजवीकडे. जिथं रहदारी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालते, तिथं डावीकडे. आणि हे नवरा-बायको तिकडेच निघाले होते. पुंडलिकनगरातून निघायचं ते थेट जर्मनीत, लेकीच्या दारात गाडी नेऊन उभी करायची. कल्पना आशाबाईंची. त्यासाठी साठीला टेकलेल्या आशाबाई गाडी चालवायला शिकल्या होत्या.

“साहेब, पण तिकडं गेल्यावर नडंल ना?”

“तिकडं जायचंच नाही आता. गाडी विकली. दुपारी कन्नडहून माणूस येतोय न्यायला.”

“काकूला म्हाईत हाय?”

“नाही. गाडी गेल्यावर सांगीन.”

धम्मपाल पुन्हा बंपरकडे वळला. त्यानं पान्हा उचलला. त्यानं दोन शब्द सुनावले असते तर आप्पासाहेबांना बरं वाटलं असतं.

पहिल्या वर्षी उसाची तोडणी आडवी आली, दुसऱ्या वर्षी पुतण्याचं लग्न. दर वेळी आप्पासाहेब ‘पुढच्या साली नक्की’ म्हणाले, आणि दर वेळी आशाबाईंनी भरलेल्या बॅगा मुकाट्यानं रिकाम्या केल्या. तेवढ्यात त्यांचा मधुमेह डोळ्यांवर उतरला. डॉक्टरांनी हात टेकले, पण बाई काही हटल्या नाहीत. रोज सकाळी विचारायच्या, “मग कधी निघायचं? मला दिसत नाही तर तुम्ही सांगत चला, काय काय दिसतंय ते.” या प्रश्नाला तोंड देता येईना, म्हणून आप्पासाहेबांनी गाडीच काढून टाकली. आपण किती भित्रे आहोत, हे त्यांना आज उघड्या रस्त्यावर उभं राहून कळत होतं.

ते शेजारच्या टपरीवरून चहा घेऊन आले आणि खिडकीतून कागदी कप आशाबाईंच्या हातात दिला. आशाबाईंनी कपावरून बोट फिरवलं.

“अर्धाच आहे की हो! तुम्हाला कुणीही गंडवतं.” कप कुठवर गरम लागतो, त्यावरून त्यांना कळायचं. “धम्मपाल काय करतोय मागं?”

“काही नाही, तपासणी. लांबच्या वाटेला लागायच्या आधी बघून घेतलेलं बरं.”

खोटं इतकं सहज निघून गेलं की आप्पासाहेब स्वतःच दचकले.

“म्हणजे निघायचं?” आशाबाईंचा चेहरा असा फुलला की आप्पासाहेबांना तिकडे बघवेना.

“हूं,” ते म्हणाले.

थोड्या वेळानं धम्मपालनं हात पुसले. आतून बटण दाबलं, मागं जाऊन पाहिलं. लाल दिवा उजवीकडे लागला होता.

“झालं, साहेब. जरा चालू राहू द्या. होल्डर जुनं हाय, दम धरतंय का बघू.”

पुढचं दार उघडलं. “थांबा, मीही बघते,” म्हणत आशाबाई खाली उतरल्या. नजर गेली तरी त्यांचं ‘बघते’ गेलं नव्हतं. गाडीच्या पत्र्यावरून हात सरकवत त्या मागं निघाल्या. धम्मपालनं आप्पासाहेबांकडे पाहिलं. आप्पासाहेबांनी जमिनीकडे.

आशाबाईंचा हात डावीकडच्या दिव्यावर टेकला.

“लाल दिवा लावलाय ना रे?”

“व्हय काकू, चालूच हाय,” धम्मपाल बोलून गेला.

त्यांनी तळवा तिथंच ठेवला. मग उलटा हात लावून पाहिला; काच गारच होती. मग बंपरला धरून त्या सावकाश पलीकडे सरकल्या, उजवीकडच्या दिव्यापाशी आल्या, आणि त्यांचा हात तिथं थांबला.

रस्त्यानं एक रिक्षा खडखडत गेली. आशाबाईंनी हात काढला नाही.

“कोण घेतंय?” आशाबाईंनी विचारलं.

आप्पासाहेब एक पाऊल पुढं आले. “कन्नडचे आहेत. ओळखीतलेच.”

“त्यांना सांगा, दुसरा गिअर जरा दमानं टाकावा लागतो.”

“आशा, अगं मी...”

“असू द्या.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर आप्पासाहेबांनी तो मुकाट झेलला असता. धम्मपालला तिथं उभं राहवेना. दिवा बंद करायला तो पुढच्या दाराकडे वळला.

“राहू दे रे थोडा वेळ चालू,” आशाबाई म्हणाल्या. त्यांनी दुसराही हात त्या दिव्यावर ठेवला. “हात गार पडलेत.”