पाठीला माती

“मला पालथं ठेवायचं,” नाथाजी पैलवान म्हणाले. “ही अट आधी लिवा. मग सही.”

सांगलीच्या मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवणाऱ्या राजेश्वरी मॅडमनी देहदानाचा फॉर्म उलटून पालटून पाहिला. नाव होतं, पत्ता होता, साक्षीदार होते. मेल्यावर उताणं की पालथं, असा रकाना काही सापडेना.

“आजोबा, इथं सगळ्यांना उताणंच ठेवतात. मुलं छाती-हातापासून सुरुवात करतात. पाठ शिकवायची तेवढ्यापुरतं पालथं करतो.”

“तेच तर म्हंतोय. चौऱ्याहत्तर वर्सांत ह्या पाठीला माती लागलेली न्हाई. आता मेल्यावर कशाला लावून घेऊ?”

“आवं, रोज रातच्याला उताणं पडून घोरतासा की,” शेजारच्या खुर्चीवरून रंगूबाई म्हणाल्या. त्या साक्षीदार म्हणून आल्या होत्या आणि त्यांचं अर्धं ध्यान साताऱ्याच्या परतीच्या एसटीकडं होतं.

“अंथरूण म्हंजे आखाडा न्हवं,” नाथाजी म्हणाले.

खरं सांगायचं तर नाथाजींना विज्ञानाचा पुळका वगैरे आलेला नव्हता. त्यांना आला होता ज्योतिबाचा राग. तासगावचा ज्योतिबा पैलवान हा त्यांचा जन्माचा जोड. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी तासगावच्या मैदानात दोघांची कुस्ती लागली. तास उलटला, दिवस मावळला, शेवटी पंचांनी ती बरोबरीत सोडवली. तेव्हापासून ज्योतिबा भेटेल त्याला सांगत सुटला, “आणखी पाच मिनटं मिळाली असती तर नाथ्याला चीत केला असता.” नाथाजी तरी कुठले गप्प बसायला. “निम्म्या कुस्तीनंतर त्याचा डावा हात वर आला का? भ्याला गडी,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. साताऱ्यातल्या पारापारांवर ते लोकांचं पाठ झालं होतं. गेल्या वर्षी ज्योतिबा गेला आणि जाता जाता देह ह्याच कॉलेजला देऊन गेला. गावानं चौकात हा एवढा मोठा फ्लेक्स लावला, ‘मेल्यावरही कामाला आलेला पैलवान’. गड्यानं मरूनसुद्धा आघाडी घेतली म्हटल्यावर नाथाजींना घास गोड लागेना.

मॅडमनी समजूत घालून पाहिली. नाथाजी ऐकेनात. “मैदान बघितल्याबिगर मी लंगोट कसत न्हाई. आधी जागा दाखवा,” म्हणाले. मॅडमनी हात टेकले आणि त्यांना शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये नेलं.

औषधाचा वास डोळ्यांत झोंबत होता. दारातच नाथाजींनी सवयीनं वाकून फरशीला हात लावला आणि कपाळाला टेकवला. मग एकेका टेबलापुढून चालू लागले. तिसऱ्या टेबलापाशी त्यांचे पाय थांबले. तोंड ओळखू येत नव्हतं, पण तो कान. मोडून मोडून गोळा झालेला, पैलवानाचाच कान. तासभर त्या कानाला आपला कान लावून झुंजले होते ते.

ज्योतिबा उताणा होता. खांद्यामागचे दोन्ही खवाटे खालच्या पत्र्याला टेकलेले. दोन्ही खवाटे टेकले की कुस्ती संपली, हे लाल मातीतलं शेंबडं पोरही सांगेल. नाथाजींचा हात आपोआप मिशीवर गेला. सत्तेचाळीस वर्षं हेच तर बघायचं होतं.

“चीत,” ते पुटपुटले.

टेबलापलीकडं दोन विद्यार्थी वाकले होते. त्यातला ऋषिराज नावाचा मुलगा म्हणाला, “मॅडम, हे डावं गळ्याचं हाड बघा ना. मोडून वेडंवाकडं जुळलंय. गाडीवरून पडले असणार.”

मॅडमनी हातमोजा चढवून गळ्याखालच्या त्या आडव्या हाडावरून बोट फिरवलं. मधे गाठ होती आणि दोन तुकडे एकमेकांवर चढून बसले होते. “फार जुनं आहे. तरुणपणातलं. उपचार काही केलेले दिसत नाहीत. हे हाड मोडलं, की हात खांद्याच्या वर जात नाही. नुसता हलवला तरी जीव कासावीस होतो.”

नाथाजींचा मिशीवरचा हात तिथंच राहिला.

तासगावच्या त्या मैदानात अर्ध्या तासाला त्यांनी ढाक डाव टाकला होता. ज्योतिबा डाव्या खांद्यावर आदळला आणि कट् असा आवाज आला. हलग्यांच्या गलक्यात नाथाजींनी तो मनावर घेतला नाही. ज्योतिबा उठला, अंगावर माती टाकली आणि पुन्हा भिडला. त्यानंतर चाळीस मिनिटं. एका हातानं. आणि पुढं सत्तेचाळीस वर्षं तो त्या पाच मिनिटांबद्दल बोलला, हाडाबद्दल चकार शब्द नाही.

“गाडी न्हवं पोरा ती,” नाथाजी म्हणाले. “त्यो मी.”

ऋषिराजला काही उमगलं नाही. नाथाजींनी ज्योतिबाच्या उघड्या तळहाताला आपला तळहात लावला, कुस्तीच्या आधी लावतात तसा. त्यांना लाज वाटत होती. ती लपवायला त्यांनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले आणि वासाच्या नावावर खपवलं.

ऑफिसात परत आल्यावर रंगूबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. “काय वं, तोंड का उतरलंय? न्हाई ना ऐकत त्या? चला, एसटी जाईल.”

“थांब गं जरा.”

“आजोबा, तुमची अट मी समासात लिहिली आहे,” मॅडम म्हणाल्या. “पालथं ठेवण्याचा प्रयत्न करू.”

नाथाजींनी पेन घेतलं आणि ती ओळ आडवी रेघ मारून खोडली. मग खाली सही केली, मोठ्या अक्षरांत.

“जागा कुठलीबी द्या म्याडम, पर उताणंच ठेवा,” ते म्हणाले. “त्या एकट्याच्याच पाठीला माती लागलेली बरी दिसत न्हाई.”