नकारासाठी पाच चुका

जेवणानंतर मला वाळवंट फार आवडतं, असं अर्पितानं इंग्रजीत लिहिलं आणि पाठवून दिलं. लिहायचं होतं गोडधोडाबद्दल. एक अक्षर तिनं मुद्दाम गाळलं होतं. पाच दिवसांतली ही पाचवी चूक.

चुका करायला तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. जाफराबादच्या एका कॉलेजात ती तासिकेवर अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवायची. मोबाइलवर लिहिताना पोरं ज्या शब्दांची हमखास अदलाबदल करतात, ते सगळे शब्द तिनं चार वर्षं वहीत जमवले होते. त्याच विषयावर पीएच.डी. करायला हैदराबादच्या एका विद्यापीठात तिची निवड झाली होती. प्रवेश घ्यायला आठवडा उरला होता. आणि नेमकं मध्येच बदनापूरचं हे स्थळ आलं. मुलगा कल्याण, पुण्यात इंजिनिअर.

"पोरीकडून नकार गेल्यावर लोक काय बोलतेत, तुला ठाव हाये," तिचे वडील काकासाहेब म्हणाले होते. "त्यांच्याकडून आला, तर मंग जा हैदराबादला. मी आडवा येणार न्हाई."

"अन् होकार आला तर मी एक शब्द बोलणार न्हाई," अर्पितानं कबूल करून टाकलं होतं.

एवढी छाती तिला झाली ती मध्यस्थ तातेरावांमुळे. चहा पिता पिता ते बोलून गेले होते की, कल्याणला आधी अंबडची एक मुलगी सांगून आली होती आणि ते इंग्रजीवरून मोडलं. लग्न ठरायच्या आधी दोघांनी मोबाइलवर लिहून ओळख करून घ्यायची, तीही इंग्रजीतच, अशी मुलाची अटच होती. अर्पिताला हायसं वाटलं. आयतंच हत्यार हाती आलं होतं. रोज एक, असा तिनं चुकांचा रतीब घातला. कधी एक अक्षर जास्त, कधी एका शब्दाच्या जागी त्याचा जुळा भाऊ. पाठवताना दर वेळी जीव तुटायचा, ही गोष्ट वेगळी. चांगल्या सुगरणीनं मुद्दाम भाजी खारट करावी, तसं वाटायचं.

सहाव्या दिवशी दुपारी फोन आला. काकासाहेबांनी स्पीकर लावला. पलीकडून कल्याणची आई, नंदाबाई बोलत होत्या.

"आमचा होकार हाये, भाऊ. खरं सांगू का, इंग्लिशमधी एमे म्हणल्यावर आम्ही भ्यालोच होतो. त्या अंबडच्या पोरीनं तर पहिल्याच दिवशी आमच्या कल्याणच्या चुका काढल्या. असली पोरगी घरात नांदंल का? तुमची अर्पिता बिलकुल साधी हाये. कल्याणच म्हणला, डिगरी हाये पर डोक्यात हवा न्हाई. मलाच तिला इंग्रजी शिकवावं लागंल, म्हणला."

काकासाहेबांचे डोळे भरून आले. रविवारी सुपारी फोडायचं जागच्या जागी ठरलं. आई साखर आणायला आत गेली. अर्पिता एक शब्द बोलली नाही. शब्दाला जागणारी मुलगी, दुसरं काय करणार?

पण बोलणार नाही म्हणाली होती, लिहिणार नाही असं कुठं म्हणाली होती? ती मागच्या खोलीत जाऊन बसली. मराठीत लिहावं तर सुट्टीवर बदनापूरला आलेल्या कल्याणचा मोबाइल घरात सगळ्यांच्या हाती जायचा. नंदाबाई वाचणार, आणि काकासाहेबांची बदनापूरपर्यंत शोभा होणार. इंग्रजी त्या घरात कल्याणशिवाय कुणालाच येत नव्हतं. बापाला मान खाली घालायला न लावता खरं सांगायला तिच्याकडे तेवढी एकच भाषा उरली होती.

तिनं तासभर लिहिलं. मोठे चार परिच्छेद झाले. आधी नमस्कार, मग त्याचे आणि घरच्यांचे आभार. मग चुका मुद्दाम का केल्या, त्याची कबुली. मग हैदराबाद, तिची वही, हातातून निसटणारे दिवस. आणि सगळ्यात शेवटी एक विनंती: कृपा करून नकार तुमच्याकडून कळवा, माझं नाव घेऊ नका. अर्जात विनंती शेवटी येते, हे ती दरवर्षी अकरावीच्या पोरांना फळ्यावर लिहून द्यायची. साधा स्वल्पविरामसुद्धा चुकला नाही. पाच दिवसांनी आपण पुन्हा आपल्यासारखं लिहिलं, याचा तिला तेवढ्यातही आनंद झाला. तिनं एकदा वाचून पाहिलं आणि पाठवलं.

दोन निळ्या खुणा उमटल्या. ती मोबाइल दोन्ही हातांत धरून बसून राहिली. बाहेर आई शेजारच्या साळूबाईंना साखर देत होती.

उत्तर मिनिटाभरात आलं. त्यानं पहिल्यांदाच मराठीत लिहिलं होतं.

"एवढं भारी इंग्रजी कुणाकडून लिहून घेतलं? मी तर दोन ओळींच्या पुढं गेलोच न्हाई. तू आपलं तुझंच लिहीत जा."