जावळाची पुरचुंडी

मन्याड नदीच्या डोहातल्या गिऱ्ह्याची शेंडी सासऱ्यानं कापून कमरेच्या डबीत कोंडली, तेव्हापासून ते पाण्यातलं भूत उज्वलाच्या घरी राबत होतं. दुधात मीठ टाकायचं, वासरू सोडायचं, पण रानाला पाणी तेच द्यायचं. भूत असो का माणूस, आपले केस ज्याच्या हाती, त्याच्या मागं जावंच लागतं. आज लेकराचं जावळ काढलं. पाहुण्यांच्या गडबडीत उज्वलानं सवयीनं केसांची पुरचुंडी भुताच्याच हातात दिली. “नदीत सोडून ये.” भूत उंबऱ्यातच थांबलं. पुरचुंडी मुठीत आवळून हसलं, “चल रं बाळा.” अजून उभंही न राहणारं लेकरू मांडीवरून उतरून दाराकडं चालू लागलं. तिनं कवटाळलं, तर तिलाच चावलं. “माझी शेंडी द्या, ह्याचं जावळ घ्या,” भूत म्हणालं. “मामा, द्या ती डबी!” उज्वलानं सासऱ्याचे पाय धरले. त्यानं कमरेची डबी चाचपली. “मग रानाला पाणी कोण दील?”