शेवटच्या अक्षराचं शेपूट

कापायच्या टेबलावर कागद पसरायचे नाहीत, हे मास्तरीणबाईंनी चिरंजिवांना शंभरदा सांगितलं होतं. पण पंचावन्नाव्या वर्षी मुलगा आईचं ऐकतोय कशाला? खडूने आखून ठेवलेल्या कोटावरच त्याने आपली जाडजूड फाइल उघडली.

"कापडाला शाई लागली तर गिऱ्हाईक तुझ्या आडनावाचा उद्धार करेल," त्या म्हणाल्या. "तोही घाल पुस्तकात."

शाळेत जेमतेम दोन इयत्ता काढलेल्या बाईला सगळे मास्तरीण म्हणत, ते शिवणकामामुळे. चिरंजीव ग्रंथपाल होते आणि सात वर्षं आपल्या आडनावावर पुस्तक लिहीत होते. जिथे जिथे ते आडनाव दिसलं तिथून त्यांनी वेचलं होतं. एका जुन्या कादंबरीत या आडनावाचा सरदार होता, तो झाला पूर्वज. एका नाटकात याच आडनावाचा लबाड वकील होता, तो झाला योगायोग. खोकल्याच्या औषधाची बाटली होती, बसथांब्यामागची गल्ली होती. वर्तमानपत्रात या आडनावाचं कुणी वारलं की चिरंजीव सुतकी चेहऱ्याने बातमी कापून घेत.

"माझी कात्री कागदाला लावलीस तर तुझीच बातमी येईल," मास्तरीणबाई बजावत.

फाइलच्या पहिल्या पानावर दुकानाच्या पाटीचा फोटो होता. निळी पाटी, पिवळं आडनाव, आणि शेवटच्या अक्षराला गळासारखं वळलेलं शेपूट. खाली आईची सही आणि स्वतःची सही चिकटवलेली. दोन्हींना तसंच शेपूट. 'घराण्याचं वळण,' असं चिरंजिवांनी शेजारी लिहिलं होतं. मास्तरीणबाईंना मापांचे आकडे आणि ही सही, एवढंच लिहिता येई.

दुसरं पान वडिलांच्या फोटोसाठी कोरं होतं. "फोटो नाही," एवढं आई म्हणाली की विषय तिथेच मिटे.

आज फाइल उघडली होती ती दाराजवळच्या स्टुलावर बसलेल्या तरुणासाठी. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि नातीला त्याच्याशी लग्न करायचं होतं. अनाथाश्रमात वाढलेला. आडनाव तिथल्या अधीक्षकांनी दिलेलं. कुणी विचारायच्या आत त्याने ते स्वतःच सांगून टाकलं होतं.

"म्हणजे उसनं," चिरंजीव म्हणाले.

"बाबा, मी आपलंच आडनाव लावणार आहे," नात म्हणाली.

"आणि मुलं?"

"होऊ तर देत."

"थट्टा नकोय. इथे दोनशे वर्षांचा पुरावा पडलाय." चिरंजिवांनी फाइलवर हात ठेवला. "याच्याशी लग्न केलंस तर तू या घरची नाहीस. ना या दुकानाची, ना या नावाची."

नात तरुणाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तरुण उठला.

"मी निघतो, आजी."

"निघतोस कुठे? सरळ उभा राहा." मास्तरीणबाईंनी गळ्यातली टेप काढून त्याच्या खांद्यांवर धरली. "हात खाली सोड. श्वास घे, बाबा, लिफ्ट नाही पडत तुझी."

"हे कसलं माप?" चिरंजिवांनी विचारलं.

"लग्नाच्या कोटाचं."

"आई, तू यात पडू नकोस. आडनाव म्हणजे काय रस्त्यात पडलेली वस्तू आहे, कुणीही यावं नि उचलावं?"

मास्तरीणबाईंनी खडूने खांद्याचा आकडा लिहिला. टेप पुन्हा गळ्यात अडकवली. मग फाइल बंद करून त्यांनी ती मुलाच्या हातात दिली आणि कोटाच्या कापडावरची सुरकुती तळहाताने सारखी केली.

"रस्त्यात नव्हतं, खरंय तुझं," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापाचं आडनाव मी त्याच्याच उंबऱ्यावर ठेवून निघाले, तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. या पोराने आपलं उसनं आहे म्हणून तोंडाने सांगितलं तरी. मी बावन्न वर्षं तेही सांगितलं नाही. तेव्हा त्याच्यापुढे आवाज चढवायचा नाही. बालवाडीतल्या बाईंनी तुझं आडनाव विचारलं, आणि दुकानावरची आधीच्या भाडेकरूची पाटी मी अजून उतरवली नव्हती."