बाईंचा गोतावळा

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बाईंनी तीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले. निवृत्तीनंतर त्यांचा स्वतःचा फोन वाजायचा तो फक्त रविवारी, मुलाचा. “आई, काय विशेष?” याला दर वेळी काय उत्तर देणार? एका रविवारी त्यांनी वाचनालयातून आणलेल्या कादंबरीतली शिंपीण सरळ शेजारी राहायला आणली. “अरे, सख्ख्या बहिणीशी वीस वर्षं अबोला आहे बिचारीचा!”

मुलगा रंगात येऊन ऐकत राहिला. मग काय, पुढच्या कादंबरीतला बोटीवरचा कप्तान वरच्या मजल्यावर आला, त्याच्या पुढच्या आठवड्यात पळून जाऊन लग्न केलेलं जोडपं. महिना संपला तेव्हा बाईंना स्वतःचंच हसू आलं. कादंबऱ्या वाचल्या चार, आणि अख्खी इमारत माणसांनी भरली! शिंपिणीचं बहिणीशी जुळलं का, हे सूनबाईसुद्धा विचारायला लागली होती.

त्या रविवारी मुलगा म्हणाला, “आई, तू एकटी पडशील म्हणून जिवाला घोर होता माझ्या. आता तुझ्याभोवती एवढी माणसं आहेत, तर या सुट्टीत आम्ही नाही आलो तरी चालेल ना?”

“न चालायला काय झालं? मला तरी कुठे सवड आहे!”



दुसऱ्या दिवशी वाचनालयात कादंबरी परत करताना बाई म्हणाल्या, “या वेळी चांगली जाडजूड द्या. पुष्कळ माणसं असलेली.”